बॉनेटला हात लावू नका

जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात एक आजोबा माझ्या गाडीपाशी बराच वेळ घुटमळत होते. बाकीचे लोक येतात, दिव्यांवरून हात फिरवतात, हॉर्न वाजवून बघू का म्हणून विचारतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. आजोबांनी यातलं काहीच केलं नाही. ते डाव्या बाजूला उभे राहिले आणि बॉनेटची मागची कड जिथे काऊलला, म्हणजे काचेच्या पुढच्या पत्र्याच्या भागाला, भिडते त्या फटीत त्यांनी करंगळी घातली. सहज गेली. मग गाडीला वळसा घालून उजवीकडे आले. तिथे करंगळीचं नखही शिरेना. खिशातून कसलीशी पावती काढली, तिची घडी उलगडून ती फटीतून सरकवून पाहिली, तीही अडकली. "जुनं आहे हो आजोबा, नीट बसत नाही. नवीन बॉनेट मागवायचा विचार चाललाय," मी आपणहूनच सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे न बघताच मान हलवली. "बॉनेटला हात लावू नका, ताई. त्याचा काही दोष नाहीये," एवढंच म्हणाले आणि शेजारच्या गाडीकडे गेले. त्या गाडीच्या फटीत त्यांनी बोट घातलं नाही, हे मात्र मी बघून ठेवलं.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण रागापेक्षा ती करंगळी जास्त छळत राहिली. फटीचं असंच असतं. दिसत नाही तोवर दिसत नाही, आणि एकदा दिसली की गाडीत दुसरं काही दिसतच नाही. माझी गाडी 1929 ची फोर्ड मॉडेल ए. निकेलचा मुलामा दिलेलं रेडिएटरचं कवच, तारांची चाकं, मडगार्डची ती मोकळी कमान, सगळं जागच्या जागी. पण आता गॅरेजचं दार उघडलं की नजर थेट जायची ती काऊलजवळच्या त्या काळ्या रेघेकडे. डावीकडे वर रुंद आणि खाली येईतो निमुळती. उजवीकडे तर रेघच नाही; पत्र्यावर पत्रा घासून रंग उडालेला, आणि उडालेल्या रंगाच्या कडेला गंजाची तांबूस पूड. बोट फिरवलं की बोटाला लागायची. ती पूड फडक्याने पुसायची आणि पुढच्या फेरीनंतर परत तिथेच जमलेली बघायची, हा माझा बरेच दिवसांचा शिरस्ता होता.

आजच्या गाडीचं बॉनेट म्हणजे एक अखंड झाकण, मागच्या बाजूला बिजागऱ्या आणि पुढे एक खटका. ही मगरीच्या जबड्यासारखी उघडणारी तऱ्हा रुळली ती 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधीचं बॉनेट हे मुळात झाकण नव्हतंच, ते चार पत्र्यांचं बिऱ्हाड होतं. वरचे दोन पत्रे, बाजूचे दोन पत्रे, आणि त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या लांबलचक बिजागऱ्या. मधल्या बिजागरीच्या सळईचं एक टोक पुढे रेडिएटरच्या कवचापाशी धरलेलं, दुसरं मागे काऊलवर. खालच्या कडा दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर टेकलेल्या आणि खटक्यांनी आवळलेल्या. गाडीवरून हे बॉनेट उतरवून हातात घेतलंत तर कळतं की त्याला स्वतःचा असा आकारच नाही. मिलिमीटरहून कमी जाडीचा पत्रा. एकट्याने उचलायला गेलात तर मधेच दुमडतो, खडखडतो, कोपऱ्याने मडगार्डचा रंग ओरबाडतो. दोघांनी दोन टोकं धरून, एकमेकांच्या पावलांकडे बघत, आडवं चालत न्यायचं ते प्रकरण. गाडीवर ठेवलं की पुढून रेडिएटर त्याला आकार देतो आणि मागून काऊल. म्हणजे समोर एक कमान, मागे दुसरी कमान, आणि या दोन कमानींमध्ये जे काही बिनसलं असेल ते सगळं या पत्र्याने अंगावर घ्यायचं. शर्टाचं खालचं एक बटण चुकलं की गळ्याशी कॉलर वर-खाली होते, तसं. कॉलर ओढून काही उपयोग नसतो.

पण ओढावीशी वाटते ना.

कारण बॉनेट समोर दिसतं, हाताला येतं, आणि फट मोजता येते. नवीन बॉनेट मागवणं तर त्याहून सोपं. या गाडीचे जवळपास सगळे पत्रे आजही नव्याने तयार होतात, बॉनेटही. फक्त ते 'बसणारं' बॉनेट असतं असं समजू नये. नवा पत्रा एका आदर्श गाडीच्या मापाने दाबलेला असतो, आणि आपल्यासमोर उभी असते ती नव्वदएक वर्षं खड्डे, उन्हाळे आणि निरनिराळे मालक सोसलेली गाडी. नव्या बॉनेटच्या कडा मग कानशीने घासाव्या लागतात, वळण हाताने कमी-जास्त करावं लागतं, बिजागरीची सळई मागेपुढे करावी लागते. त्यातही वर्ष चुकलं तर सगळंच मुसळ केरात. 1928-29 च्या मॉडेल एचं बॉनेट 1930-31 च्या गाडीवर चढत नाही. नाव तेच असलं तरी रेडिएटर उंच झाला, रेषा बदलली. हाताने बांधलेल्या गाड्यांची कथा आणखी वेगळी. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइस नुसती चॅसी, म्हणजे खालची पोलादी चौकट, आणि इंजिन विकायची, वरचं शरीर गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बांधून घ्यायचं. तिथे लाकडी सांगाड्यावर पत्रा चढायचा आणि एकेक भाग त्या एकाच गाडीवर घासून बसवलेला असायचा. अशा गाड्यांच्या भागांच्या आतल्या अंगाला पुष्कळदा ठोकलेला क्रमांक सापडतो: हा पत्रा या गाडीचा, दुसऱ्या गाडीला लावू नये.

मॉडेल ए मात्र लाखोंनी निघालेली गाडी, 1927 ते 1931 या काळात पंचेचाळीस लाखांच्या वर. तिच्या बाबतीत क्रमांक ठोकायला कुणाला सवड नव्हती. तिथे बॉनेट बसवायची सोय गाडीतच करून ठेवली होती आणि ती शिकताना मला या साध्या गाडीचं फार कौतुक वाटलं. फायरवॉलपासून, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीपासून, रेडिएटरच्या वरच्या भागापर्यंत दोन सळया जातात, त्यांच्या टोकांना आटे. नट आवळले की रेडिएटरचा माथा मागे येतो, सैल केले की पुढे जातो. एकाच बाजूचा नट फिरवला तर कवच किंचित तिरकं होतं. रेडिएटरच्या बुडाखाली पॅकिंग टाकलं की अख्खी पुढची कमान वर. तसंच मागे. गाडीचं शरीर चॅसीवर ठिकठिकाणी बोल्टांनी बसवलेलं असतं, मधे पॅकिंगचे तुकडे. सगळ्यात पुढच्या बोल्टाखाली एक पातळ तुकडा सरकवला तर काऊलचा माथा मागे झुकतो आणि बॉनेटची फट वरच्या बाजूला उघडते. तोच तुकडा दाराच्या मागच्या बोल्टाखाली घातला तर काऊल पुढे झुकतो, फट मिटते. पण मग दार खाली लोंबतं नाहीतर वर चढतं. म्हणून जाणकार आधी दारं बघतात. दारांच्या फटी सरळ आल्या की शरीर चॅसीवर नीट बसलं असं धरायचं, मग रेडिएटर, आणि बॉनेट सगळ्यात शेवटी. या क्रमात जो घाई करतो तो मिटवलेली फट दुसऱ्याच ठिकाणी उघडून ठेवतो.

हे सगळं गाडी चाकांवर उभी असताना करायचं, हे मला आधी सुचलंही नसतं. स्टँडवर चढवलेल्या गाडीची चॅसी वेगळी वाकते. इंजिन जागेवर हवं, रेडिएटरमध्ये पाणी हवं, ते सुमारे 11 लिटर, आणि टाकीत पेट्रोल हवं. या गाडीत पेट्रोलची टाकी मागे नाहीच. काचेच्या पुढचा तो गोलसर काऊल म्हणजेच टाकी. 1929 च्या गाडीत सुमारे 38 लिटर मावतं. भरली की जवळजवळ 28 किलो वजन नेमकं त्या जागी येतं जिथे आपण अर्ध्या मिलिमीटरसाठी जीव काढत असतो. आणि काऊल म्हणजे टाकी असल्यामुळे दुसरीही एक गोष्ट आपोआप ठरून जाते. 'काऊल जरा तापवून ठोकू' असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावायचं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातकी; आतली वाफ ठिणगीचीच वाट बघत असते.

पत्राकाम करणारे एक काका माझ्या मदतीला होते. मोजकं बोलणारे, आणि हातोडीपेक्षा खडू जास्त वापरणारे. त्यांनी बॉनेटच्या मागच्या कडेला आतून खडू चोळला, बॉनेट हलकेच बसवलं, खटके आवळले आणि परत उचललं. काऊलवर जिथे पांढरं उमटलं तिथे पत्रा टेकतोय, जिथे कोरं तिथे अधांतरी. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात पांढरा जाड ओघळ, डावीकडे काहीच नाही. आम्ही सळयांचे नट फिरवले. उजवी बाजू पुढे ढकलली की फट जेमतेम उघडायची, पण मग कवच वरून पिळवटायचं आणि खालच्या बाजूला फट तशीच मिटलेली. पॅकिंगही बदलून बघितलं. फट जागा बदलायची, जायची नाही. काका शेवटी उकिडवे बसले आणि गाडीखाली बघत म्हणाले, "ताई, वरचं पुष्कळ झालं. ओळंबा आहे का?"

चॅसीवरच्या ठरावीक भोकांपासून ओळंबा सोडायचा, फरशीवर खुणा करायच्या, गाडी ढकलून बाजूला घ्यायची आणि मग त्या खुणांमध्ये तिरप्या दोऱ्या ताणायच्या. चॅसी काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण सारखे. शाळेत कंपासपेटी घेऊन केलेली ही गोष्ट गॅरेजच्या फरशीवर गुडघे टेकून करताना जी धडधड होत होती, ती कुठल्याच पेपराला झाली नव्हती. फरशी थंडगार, टेपच्या पत्र्याची ती चरचर, काका एका टोकाला आणि मी दुसऱ्या. पहिला कर्ण मोजला, आकडा लिहिला. दुसरा मोजला. टेप नीट धरलीये ना म्हणून परत मोजला.

दोन्ही कर्णांत सहा मिलिमीटरचा फरक होता.

म्हणजे चॅसीचा उजवा चॅनल, त्या बाजूची लांब पोलादी तुळई, डाव्याच्या मानाने मागे सरकलेला. पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे दोन्ही चॅनलना जोडणारी आडवी तुळई, त्यामुळे तिरका, त्यावर बसलेला रेडिएटर तिरका, आणि बॉनेट बिचारं दोन तिरक्या कमानींमध्ये जमेल तसं उभं. दिवा धरून बघितलं तर उजव्या चॅनलच्या टोकाला एक जुना, रंगाखाली बुजलेला पोचा, आणि तिथल्या रिव्हेटच्या डोक्यांभोवती गंजाची बारीक वर्तुळं. हललेल्या रिव्हेटची ती खूण. कधीतरी, कुठेतरी, ही गाडी उजव्या कोपऱ्याने कशावर तरी जाऊन आपटली होती. दगड असेल, खांब असेल, दुसरी गाडी असेल. कोण चालवत होतं, त्याला लागलं का, शेजारी कोण बसलं होतं, यातलं काही मला कधीच कळणार नाही. त्या संध्याकाळी मी तो पोचा बराच वेळ चाचपत बसले. गाडीचे कागद माझ्याकडे आहेत, पण ही घटना त्यांत नाही. ती होती फक्त त्या फटीत, आणि मी ती मिटवायला निघाले होते, हा विचार काही सुखाचा नव्हता.

चॅसी सरळ करण्याचं वर्णन लांबवत नाही. साखळी, हायड्रॉलिक जॅक, कर्णाच्या दिशेने ताण, आणि धीर. पोलाद हट्टी असतं; जिथे हवं तिथवर आणून सोडलं की थोडं मागे जातं, म्हणून हवं त्याच्या जरा पुढे न्यावं लागतं, आणि किती पुढे ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. सैल रिव्हेट काढून नवे तापवून ठोकले. कर्ण सारखे आले. दारं जी आजवर खांदा लावून मिटावी लागत ती एका बोटाने मिटली, हे तर आम्ही मागितलंही नव्हतं. मग सगळं परत चढवून बॉनेट ठेवलं, आणि डावीकडची फट एकसारखी, बारीक, वरपासून खालपर्यंत सरळ. मी ओरडलेच. काका मात्र उजवीकडे उभे होते आणि हसत नव्हते.

उजवीकडे आता करंगळी जात होती. भिंगातून कड बघितल्यावर उलगडा झाला. रंगाच्या थरांखाली कानशीचे तिरके ओरखडे होते, एकाला एक लागून, नेटके. माझ्या आधीच्या कुणीतरी, उजवीकडे बॉनेट काऊलला घासतंय म्हणून, ती कड घासून कमी केली होती. चॅसी वाकडी, त्यावर बॉनेट वाकडं करून बसवलेलं. आणि आता चॅसी सरळ झाल्यावर त्याची दुरुस्ती हाच नवा दोष होऊन बसला. सुरुवातीला मी त्या माणसाला मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं. पण ते ओरखडे परत परत बघताना सूर जरा उतरला. घाईचं काम नव्हतं ते. कडेचं वळण त्याने सांभाळलं होतं, कोपरा गोल ठेवला होता. कदाचित त्याला गाडी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर हवी होती. तेव्हा ही जुनी मौल्यवान गाडी नव्हती, नुसतीच जुनी गाडी होती, आणि नुसत्या जुन्या गाडीची चॅसी कोण मोजत बसतो?

"आता काय, नवीन मागवायचं?" काकांनी विचारलं. मी नको म्हटलं. हट्टाने म्हटलं असेल. आजोबांचं वाक्य कानात होतंच. मग कडेला पोलादाची बारीक तार वेल्डिंगने जोडायची आणि घासून आणायची असं ठरलं. पातळ पत्र्याला उष्णता लागली की तो ताणतो, त्याला पोट येतं, आणि मग दाबलं की टणकन आत, सोडलं की टणकन बाहेर. म्हणून काका एक टाका इथे घालत, दुसरा वीतभर लांब, मग ओलं फडकं, मग बोटाची पाठ टेकवून पत्रा निवलाय का बघत, आणि तेव्हाच पुढचा टाका. शेगडीवर दूध ठेवून उभं राहावं इतकं लक्ष. मधे बोललेलं त्यांना चालत नसे. टाक्यांची रांग भरून आल्यावर कानस, खडू, बॉनेट चढवणं, उतरवणं, परत कानस. लोखंडाचा तो कोरडा, जिभेवर आल्यासारखा वास दोन्ही हातांना दिवसभर. उरलेला खळगा काकांनी पुट्टीने न भरता कथील-शिशाने भरला, त्या काळी भरत तसा. हा मिश्रधातू 183 अंशांना मऊ पडायला लागतो आणि पुरता वितळायला साधारण 255 लागतात. मधल्या टप्प्यात तो लोण्यासारखा सारवता येतो, चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने. नंतर तो फक्त कानशीने उतरवायचा, पॉलिशपेपर लावायचा नाही, कारण शिशाची धूळ छातीत जाते.

फट किती ठेवायची यावर आमचं वाजलं. मला तीन मिलिमीटर हवी होती, चहूबाजूंनी एकसारखी. आजकाल प्रदर्शनात बक्षीस घेणाऱ्या गाड्यांच्या फटी बघा, जणू पट्टीने आखलेल्या. काका म्हणाले, गाडी चालवायची आहे की बघायची? मीटरभर लांब पोलादी पत्रा 50 अंशांनी तापला तर सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. रस्त्यावर चॅसी पिळवटते ती वेगळीच. आणि रंगाचे थर दोन्ही कडांना बसतात ते धरलेच पाहिजेत. उघड्या पत्र्यावर बेतलेली नेमकी फट रंगानंतर घासायला लागते, आणि मग नवाकोरा रंग कडेवरून उडतो. शिवाय 1929 साली कारखान्यातून निघालेल्या गाडीची फट तरी कुठे आखीव होती? कारखान्यातला जुळणीचा पट्टा पुढे सरकत असायचा. आजच्या बक्षीसवाल्या गाड्या नव्या असताना होत्या त्याहून जास्त नव्या दिसतात, आणि ते मला हल्ली जरा खोटंच वाटतं. आम्ही चारच्या आसपास ठेवली. डावीकडे खालच्या कोपऱ्यात ती पाचाच्या जवळ जाते. तिथे पत्रा ओढता आला असता. मीच राहू द्या म्हटलं. उजव्या चॅनलवरचा पोचाही भरला नाही, फक्त गंज काढून रंग लावला. वाकलेलं सरळ करणं गरजेचं होतं. आपटल्याची खूण पुसणं गरजेचं नव्हतं, असं माझं मत. काकांना ते पटलेलं नाही.

आता उरलाय तो आवाज. बॉनेटच्या कडा जिथे रेडिएटरच्या कवचावर आणि काऊलवर टेकतात तिथे विणलेली सुती पट्टी बसवलेली असते, पत्रा पत्र्याला लागू नये म्हणून. जुनी पट्टी चपटी आणि दगडासारखी कडक झाली होती, ती बदलली. नवी पट्टी फुगीर, त्यामुळे बॉनेट आधी किंचित उचललेलंच राहिलं आणि खटके लावताना तळहात दुखायला लागले. काही फेऱ्यांनंतर ती दबली. पण खडबडीत रस्त्यावर डाव्या बाजूने एक बारीक कुरकुर अजून येते. काकांच्या मते पट्टीला मेण कमी पडलंय. मला संशय आहे मधल्या बिजागरीचा, कारण सळई बदलली तरी बिजागरीची भोकं जुनीच आहेत, झिजून लांबट झालेली. येत्या रविवारी आधी मेण लावून बघणार आहोत. ते स्वस्त पडतं, आणि त्यासाठी बॉनेट उतरवावं लागत नाही.